लुआचा सँडबॉक्स: काही महिने पगाराच्या हिशोबात वापरून

परक्याचा कोड सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाहेर हात पोचणार नाही अशा कुंपणात, चालवायला लुआ ५.४ ही छोटी प्रोग्रॅमिंग भाषा घेतली, त्यावर आता दिवाळीचा बोनस, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या वेळची उचल आणि मार्चअखेर असं सगळं निघून गेलंय. घ्यावं का? घ्यावं. पण नुसत्या लुआच्या भरवशावर राहू नये.

आमचं पगाराचं सॉफ्टवेअर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत चालतं. मजुरीची पद्धत प्रत्येकाची निराळी. कुणाकडे नगावर, कुणाकडे किलोवर, डागी मालाची कपात तर दर दोन शेडला बदलते. म्हणून नियम कारखान्यानंच छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहायचा. लिहितात दिवाणजी, नाहीतर मालकाचा इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या, आणि हल्ली सर्रास चॅटजीपीटी. सर्व्हर मात्र सगळ्यांचा एकच. एकाचे दर शेजारच्याला दिसले तर आम्ही गाशाच गुंडाळायचा.

पायथन आधीच बाद केलं होतं. तिथं साध्या रिकाम्या टपलचा (मूल्यांच्या यादीचा) क्लास, त्याचा बेस, मग त्याचे सगळे सबक्लास असं चढत अख्ख्या इंटरप्रिटरभर हिंडता येतं. खुद्द पायथनचं परका कोड कोंडायला केलेलं रेक्सेक मॉड्यूल २.३ आवृत्तीत असल्याच भोकांपायी बंद झालं. जावास्क्रिप्टच्या व्हीएम२ या सँडबॉक्स लायब्ररीनं २०२३ मध्ये तेच भोगलं. एकामागून एक पळवाटा निघाल्यावर सांभाळणाऱ्यांनीच हात टेकले.

लुआची चाल उलटी आहे. काय काय काढून घ्यायचं हा प्रश्नच नाही; स्क्रिप्टला रिकामं टेबल द्यायचं आणि लागेल तेवढंच त्यात टाकायचं. कोड वाचून घेणाऱ्या 'लोड' ला चौथा आर्ग्युमेंट म्हणून हे टेबल दिलं की स्क्रिप्टच्या लेखी फाइली हाताळणारी 'आयओ' आणि सिस्टिमशी बोलणारी 'ओएस' या लायब्ऱ्या जगातच नसतात. तिसरा आर्ग्युमेंट 'टी' हवाच, म्हणजे फक्त मजकूर चालेल, बाइटकोड (आधीच कंपाइल केलेला कोड) नाही. मुद्दाम बिघडवलेल्या बाइटकोडनं इंटरप्रिटर कोसळू शकतो, हे मॅन्युअलमध्येच लिहिलंय.

इथवर सगळं गोड. खरी गंमत फटींमध्ये आहे. 'स्ट्रिंग' लायब्ररी टेबलात टाकलीच नाही, तरी कुठल्याही अक्षरमाळेला कोलन लावून 'रेप' (तीच माळ हवी तितक्यांदा जोडणारं फंक्शन) बोलावता येतं, कारण अक्षरमाळांचं मेटाटेबल, म्हणजे त्यांची वागणूक ठरवणारं टेबल, सगळ्यांचं सामाईक असतं. एका ओळीत गिगाबाइटभर मेमरी फस्त. म्हणून मर्यादा मेमरी वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरमध्येच घातली, ३२ एमबी; त्यापुढं मागितली की नाही म्हणायचं.

वेळेचं आणखी अवघड. ठरावीक सूचनांनंतर हूक, म्हणजे आपण लावून ठेवलेलं फंक्शन, वाजतो आणि एरर टाकून स्क्रिप्ट थांबवता येते. पण एरर पकडणारं 'पीकॉल' दिलं असेल तर स्क्रिप्ट ती एरर गिळून पुन्हा फिरायला लागते. मेटाटेबल बदलणारं 'सेटमेटाटेबल' दिलं तर कचरा (न लागणारी मेमरी) गोळा होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये अनंत लूप लपवता येतो, आणि तिथं लुआ हूकच बंद ठेवतं. आम्ही दोन्ही देत नाही; पगार काढायला लागतात कशाला? अक्षरमाळेत शोधणाऱ्या 'फाइंड' ला वेडावाकडा पॅटर्न दिला तर काम सी भाषेतल्या कोडमध्ये अडकतं. हूक लुआच्या सूचना मोजतो, त्यामुळे तिथं तो मुका.

त्यावर लुआत इलाज शोधत बसू नका. आम्ही प्रत्येक स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. सीपीयूची २ सेकंदांची मर्यादा लिनक्सच घालतो, सेककॉम्प ही लिनक्सची चाळणी लावून नको ते सिस्टिम कॉल (प्रोसेसनं लिनक्सकडं केलेल्या मागण्या) बंद केलेत, आणि त्या प्रोसेसला त्या एका कारखान्याच्या आकड्यांपलीकडं काही दिलेलंच नसतं. लुआ लहान आणि चपळ असल्यानं दरवेळी नवी प्रोसेस काढायचा भार जाणवत नाही. मला हे सगळ्यात आवडलं.

तक्रारी आहेतच. भागाकाराचं उत्तर कायम दशांशात येतं, म्हणजे ९०० भागिले २ केलं की पावतीवर ४५०.० छापतं. पहिल्याच पगाराला एका दिवाणजींचा फोन, "का ओ सर, पगारात ते पॉइंट कशाला आलंय?" आता रक्कम छापायचं काम आम्ही स्क्रिप्टकडं ठेवलेलंच नाही. एररचे संदेशही इंग्रजीत. 'निल' वर, म्हणजे नसलेल्या किमतीवर, गणित केलं असं सांगून दिवाणजींना काय कळणार? "अमुक ओळीत दर भरलेला नाही" असं मराठी रूपांतर आम्हालाच लिहावं लागलं. सुरक्षेपेक्षा जास्त वेळ त्यात गेला, खोटं कशाला बोलू.

ज्यांच्या गिऱ्हाइकांना स्क्रिप्टमधून इंटरनेट, फाइली आणि बाहेरच्या लायब्ऱ्या लागतात, त्यांनी याच्या नादी लागू नये. त्यांनी सरळ छोट्या व्हर्च्युअल मशीनचा खर्च धरावा.