गीझर की सोलर? साताऱ्यातल्या घराचा हिशोब

वीजबिल वाढलं की आपण आधी पंखे आणि दिवे बंद करत सुटतो. पण आकडे मांडून बघा. ७५ वॅटचा पंखा बारा तास फिरला तर ०.९ युनिट जातं. चार माणसांच्या चार बादल्या, म्हणजे ८० लिटर पाणी, डिसेंबरात १६ अंशांवरून ४० वर न्यायला सव्वादोन युनिट लागतात. महिन्याला ६५-७० युनिट नुसत्या अंघोळीला! एप्रिलमध्ये तेच काम एखाद्या युनिटात होतं, कारण टाकीतलं पाणी मुळातच कोमट असतं. त्यात महावितरणचे पहिले १०० युनिट स्वस्त आणि पुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट. म्हणून पाणी कशावर तापवायचं, विजेच्या गीझरवर की गच्चीवर उन्हात पाणी तापवणाऱ्या सोलरवर, हे नीट ठरवावं.

आधी इन्स्टंट (वाहतं पाणी लगेच तापवणारा) आणि साठवणीचा (टाकीत भरून तापवणारा) गीझर. ‘३००० वॅटचा इन्स्टंट जास्त वीज खातो’ हे मी कित्येकांकडून ऐकलं आहे, पण ते खरं नाही. तेवढंच पाणी तेवढंच तापवायला दोन्हीकडे वीज जवळपास सारखीच लागते. इन्स्टंट ती पटकन ओढतो, इतकंच. थंडीत त्याची धार मात्र बारीक ठेवावी लागते आणि २० लिटरची बादली भरायला दहा-अकरा मिनिटं जातात. १५ लिटरचा साठवणीचा गीझर ६० अंशांवर तापला की थंड पाणी मिसळून सव्वा बादली होते, आणि पुढच्या माणसाला थांबावं लागतं. साठवणीच्या गीझरमध्ये वीज वाया जाते ती अंघोळी झाल्यावरही बटण चालू राहतं म्हणून. घरात दोघंच असतील किंवा भाड्याचा फ्लॅट असेल तर मी इन्स्टंटच घ्या म्हणेन. फक्त त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि व्यवस्थित अर्थिंग हवं. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये जिवावर बेततो, तो नकोच.

स्वतःची गच्ची आणि चार-पाच माणसं असतील तर सोलर. ऑक्टोबर ते मे ऊन भरपूर, पाणी जवळजवळ फुकट. आधी खर्च जास्त येतो, पण रोज वापरणाऱ्या घरात तो निघतो. दोन गोष्टी मात्र आधी बघा. पहिली, गच्चीपासून न्हाणीघरापर्यंतची पाइप. तळमजल्यावर न्हाणीघर असेल तर आधी त्या पाइपमधलं चार-पाच लिटर थंड पाणी सोडावं लागतं. पाइपला वेष्टन नसेल तर येतानाच ऊब जाते. दुसरी, पाणी. कास तलावाचं नळाचं पाणी असेल तर चिंता कमी, पण बोअरचं जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांत क्षार साचतात आणि त्या वरचेवर साफ कराव्या लागतात.

आणि जुलै-ऑगस्ट! आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात टाकीतल्या बॅकअप कॉइलचं (ऊन नसताना विजेवर पाणी तापवते ती) बटण महिनाभर चालू राहिलं आणि बिल बघून सगळे गप्प झालो. २०० लिटरची टाकी २२ अंशांवरून ६० वर न्यायला एका वेळेला जवळजवळ ९ युनिट लागतात, आणि अंघोळीला त्यातलं निम्मंही पाणी लागत नाही. उरलेलं रात्रभर निवतं, कॉइल ते पुन्हा तापवते. आता पावसाळ्यात सोलरचा बॅकअप आम्ही बंदच ठेवतो आणि न्हाणीघरातला छोटा इन्स्टंट वापरतो. सोलर बसवणार असाल तर त्या छोट्या गीझरचा पॉइंट वायरिंगच्या वेळीच काढून घ्या.