परिशिष्टातले युद्ध पडद्यावर : 'द बॅटल फॉर मिडल-अर्थ २'

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या नावावर आजवर पुष्कळ व्हिडिओ गेम निघाले आहेत. परंतु त्यांतील बऱ्याच गेमचा खरा आधार कादंबरी नसून पीटर जॅक्सन यांचे चित्रपट आहेत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स (ईए) या कंपनीच्या ईए लॉस एंजेलिस स्टुडिओचा 'द बॅटल फॉर मिडल-अर्थ' हा २००४ मधील गेमही याला अपवाद नव्हता, कारण ईएकडे त्या वेळी केवळ चित्रपटांवर आधारित गेम काढण्याचे हक्क होते. २००५ मध्ये कंपनीने पुस्तकांचे हक्कही मिळवले आणि २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्याचा पहिला परिणाम दिसला. संगणकासाठीच्या रिअल-टाइम स्ट्रॅटेजी प्रकारातील, म्हणजे आळीपाळीने नव्हे तर सर्वांनी एकाच वेळी डावपेच लढवण्याचा, हा गेम आजही खेळण्याजोगा आहे काय, आणि 'स्वामी मुद्रिकांचा' या मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादातून किंवा मूळ इंग्रजीतून ही कथा वाचलेल्या माणसाला त्यात आपली कादंबरी कितपत भेटते, हे दोन्ही प्रश्न एकत्रच पाहावे लागतात. युद्धाचा खेळ म्हणून तो उत्तम आहे आणि कादंबरीच्या भूगोलाशीही त्याने बऱ्यापैकी इमान राखले आहे. मात्र दुष्ट सत्ताधीश सॉरॉनची जी अंगठी नष्ट करण्याभोवती सारी कथा फिरते, ती अंगठी त्याला मुळीच कळलेली नाही.

पहिल्या भागात हेल्म्स डीपचा गड आणि गाँडोर राज्याची राजधानी मिनास तिरिथ येथील लढाया होऊन गेल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या भागासाठी लेखकमंडळींनी मिडल-अर्थ या कादंबरीतील जगाच्या उत्तरेकडे मोर्चा वळवला. निवड नेमकी होती. गाँडोरच्या वेशीवर रणधुमाळी चालू असताना उत्तरेतही तितकेच भीषण युद्ध पेटले होते, हे कादंबरीच्या मुख्य कथनात ओझरते येते आणि त्याचा तपशील परिशिष्टांत सापडतो. तिसऱ्या युगाच्या ३०१९ सालच्या मार्च महिन्यात एल्फ या अमर वंशाच्या लोथलोरिएन या वनराज्यावर तीनदा हल्ला झाला, मिर्कवुड अरण्याच्या झाडांखाली राजा थ्रँडुइलचे एल्फ लढले, आणि डेलच्या लढाईत तिथला राजा ब्रँड व त्याच्या शवाचे रक्षण करणारा, ड्वार्फ या बुटक्या वंशाचा वृद्ध राजा डाइन असे दोघेही एरेबोर या ड्वार्फांच्या पर्वतातील राज्याच्या दारापाशी पडले. सॉरॉनचा नाश झाल्याची वार्ता येईपर्यंत एरेबोरला वेढा होता. ही फळी कोसळली असती, तर रिव्हेंडेल या एल्फांच्या आश्रयस्थानी रात्र पसरली असती आणि गाँडोरला राणी मिळाली नसती, असे जादूगार गँडाल्फ नंतर बोलून दाखवतो. चित्रपटांनी या साऱ्याला हातही लावला नाही. गेमने मात्र हीच जागा पकडली आणि रिव्हेंडेलच्या बचावापासून ग्रे हेवन्स हे बंदर, एरेबोर आणि शेवटी शत्रूच्या डॉल गुलदूर गडापर्यंत आपली 'चांगल्यां'ची मोहीम रचली. तिचे निवेदन रिव्हेंडेलचा स्वामी एलरॉण्ड याच्या, म्हणजे ह्यूगो वीव्हिंग यांच्या आवाजात आहे, आणि त्या धीरगंभीर आवाजामुळे साधा नकाशाही इतिहासाच्या पानासारखा वाटू लागतो.

पुस्तकाचे हक्क हाती आल्याचा सर्वांत सुखद पुरावा म्हणजे ग्लॉरफिंडेल. जखमी फ्रोडोला, म्हणजे अंगठी वाहून नेणाऱ्या बुटक्या हॉबिटाला, आपल्या घोड्यावर बसवून नदीपार धाडणारा हा एल्फ सरदार चित्रपटात गाळला गेला आणि त्याचे काम एलरॉण्डची मुलगी आर्वेन हिच्या वाट्याला गेले. इथे तो आणि ड्वार्फ योद्धा गिमलीचा बाप ग्लॉइन हे मोहिमेचे नायक आहेत. कादंबरीत रानात राहणाऱ्या विक्षिप्त टॉम बॉम्बाडिललाही काही क्षणांसाठी रणांगणात बोलावता येते; तो गात-उड्या मारत शत्रूच्या रांगा उधळून लावतो. हे दृश्य गंमतशीर आहे, पण ज्या पात्राला सत्तेच्या भानगडीत काडीचाही रस नाही, त्याला तोफखान्यासारखे वापरणे मला जरा खटकते. याउलट विंचवावर स्वार झालेला गॉब्लिन राजा गोर्किल आणि ड्रोगोथ नावाचा ड्रॅगन ही सरळसरळ गेमची स्वतःची निर्मिती आहे. ड्रोगोथ खपून जातो, कारण विदर्ड हीथ ही ड्रॅगनांची भूमी असल्याचा उल्लेख टॉल्किन यांच्याकडेच आहे. गोर्किलचा विंचू मात्र दुसऱ्याच कुठल्या गेममधून वाट चुकून आलेला दिसतो.

'वाईटां'च्या मोहिमेत शायर या हॉबिटांच्या प्रदेशावर गॉब्लिनांची धाड पडते आणि हॉबिटांची गोलाकार दारांची घरे खेळाडूला आपल्याच हातांनी पेटवावी लागतात. कादंबरीत शायरची वाताहत होते ती अशा आगीने नव्हे, तर दारोदारी चिकटवलेल्या नियमांनी, तोडलेल्या झाडांनी आणि काळा धूर ओकणाऱ्या गिरणीने. ती संथ, कारकुनी नासाडी अधिक भयंकर आहे. परंतु स्ट्रॅटेजी गेमला आगीची भाषा सोपी जाते.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू. पहिल्या भागात इमारती ठरावीक चौथऱ्यांवरच उभारता येत. दुसऱ्या भागाने ते बंधन काढून टाकले आणि कोठेही बांधकाम करण्याची मुभा दिली. खाणीतून सोने आणणे किंवा लाकूड तोडणारे मजूर हाकणे असला व्याप इथे नाही. शेत बांधले की त्याभोवती एक वर्तुळ उमटते आणि त्या वर्तुळातील मोकळ्या जमिनीच्या प्रमाणात उत्पन्नाची टक्केवारी ठरते. शेजारी दुसरे शेत खेटून बांधले, मध्ये कडा किंवा दुसरी इमारत आली, की टक्केवारी घसरते. त्यामुळे खेळाडूला आपोआपच पसरावे लागते, आणि पसरलेला माणूस उघडा पडतो. मुख्य किल्ल्यापासून दूरच्या शेतावर शत्रूचे चार घोडेस्वार येऊन धडकले, की तिकडे सैन्य धाडावे की समोरचा हल्ला चालू ठेवावा, असा पेच पहिल्या काही मिनिटांतच उभा राहतो. हिशेब इतका साधा, तरी त्यातून सतत निर्णय घ्यावे लागतात; या गेमची ही माझ्या मते सर्वांत हुशार रचना आहे.

लढाईचा तपशील तर डोळे भरून पाहावा असा आहे. रोहान राज्याच्या स्वारांना टेकडीच्या उतारावरून ऑर्क या राक्षसी जातीच्या धनुर्धरांच्या अंगावर सोडले, की पहिली रांग अक्षरशः हवेत उडते, मागची पांगते आणि घोडे पलीकडे निघून जातात. तीच धडक भालाईतांवर दिली, तर घोडे जागीच कोसळतात आणि महागडी तुकडी क्षणात निकाली निघते. धनुर्धर भालाईतांना टिपतात, घोडदळ धनुर्धरांना तुडवते, भालाईत घोडदळाला अडवतात; हे चक्र या प्रकारात जुनेच आहे, परंतु इथे त्याचे वजन जाणवते, कारण प्रत्येक तुकडीत अनेक सैनिक असतात आणि ते एकेक करून पडताना दिसतात. तुकडीला ध्वजधारी दिला, तर लढाई थांबल्यावर तिच्यातील रिकाम्या जागा हळूहळू भरून येतात. म्हणून अनुभवी तुकडी पूर्ण कापली जाण्याआधी मागे घेणे हे एक कौशल्यच होऊन बसते. नवखा खेळाडू नेमका हाच मोह आवरू शकत नाही आणि शेवटचा सैनिक पडेपर्यंत झुंजत राहतो.

पश्चिमेची माणसे, एल्फ, ड्वार्फ, सॉरॉनचे मोर्डोर, जादूगार सारुमानचे आयसेनगार्ड आणि गॉब्लिन असे सहा पक्ष आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगळे जपले आहेत. ड्वार्फ चालीने मंद, पण त्यांच्या खाणी भुयारांनी जोडलेल्या असल्याने एका खाणीत शिरलेली फौज नकाशाच्या दुसऱ्या टोकाच्या खाणीतून बाहेर पडते. गॉब्लिन स्वस्त आणि भरमसाट असतात, शिवाय ते तटबंदीवर सरसर चढून जातात. एल्फ धनुर्धरांची महती मी वेगळी सांगायला नको. मात्र या स्वातंत्र्याची किंमत तटबंदीने मोजली आहे. कोठेही बांधता येते म्हटल्यावर किल्ल्याभोवती भिंत घालण्यात पैसा अडकवणारा खेळाडू विरळाच. मिडल-अर्थच्या साऱ्या महत्त्वाच्या लढाया भिंतींभोवती होतात, आणि त्यावरच्या गेममध्ये भिंत ही शोभेची वस्तू व्हावी, ही उणीव लहान नाही. नायकांचे पारडेही कधी कधी फार जड होते: पुरेशा लढाया जिंकलेला नाझगुल (सॉरॉनचा भुताटकीसारखा सेवक) किंवा गँडाल्फ एकट्याने सैन्य झोपवतो, आणि मग बाकीच्या डावपेचांना अर्थ राहत नाही.

अंगठीची तऱ्हा याहून वेगळी आहे. मोहिमेबाहेरच्या स्वतंत्र लढायांमध्ये 'अंगठीचे नायक' हा पर्याय चालू ठेवला, तर अंगठीने पछाडलेला तिचा जुना मालक गोल्लुम नकाशावर लपतछपत भटकत असतो. त्याला शोधून मारायचे, खाली पडलेली अंगठी उचलायची आणि आपल्या किल्ल्यात आणायची. त्यानंतर भरपूर संपत्ती मोजली की वाईट पक्षाला साक्षात सॉरॉन आणि चांगल्या पक्षाला अंगठी धारण केलेली लोथलोरिएनची स्वामिनी गॅलाड्रिएल बोलावता येते. तिच्यापुढे फौजाच काय, किल्लेही टिकत नाहीत. खेळ म्हणून यात थरार आहे, कारण अंगठी नेणारा सैनिक वाटेत पडला की ती कोणीही उचलावी. परंतु कादंबरीत गॅलाड्रिएल नेमकी हीच गोष्ट नाकारते. फ्रोडो अंगठी पुढे करतो, आपण काय होऊ शकलो असतो हे ती क्षणभर त्याला दाखवते आणि मग हात मागे घेते. गोल्लुमला मारण्याची संधी आधी फ्रोडोपूर्वी अंगठी बाळगणाऱ्या बिल्बोला आणि पुढे फ्रोडोला मिळालेली असते. दोघेही त्याला जिवंत सोडतात, आणि अखेरीस अंगठी आगीत पडते ती त्या दयेमुळेच. दया आणि नकार या दोन गोष्टींवर उभे असलेले कथानक गेमने दोन क्लिकमध्ये उलटे केले आहे: आधी गोल्लुमला ठार करा, मग अंगठी वापरा.

स्ट्रॅटेजी गेमचा पाया सत्ता साठवण्यावर असतो, तेव्हा याहून वेगळे काय करता आले असते, असे कोणी विचारील. उत्तर कादंबरीतच आहे. गाँडोरच्या गादीचा वारस आरागॉर्न सात हजारांची फौज घेऊन मोर्डोरच्या काळ्या दरवाजाकडे निघतो आणि तिथे पोहोचेपर्यंत ती सहा हजारांच्याही आत येते. ही लढाई जिंकता येणार नाही, हे त्याला आणि गँडाल्फला पक्के ठाऊक असते. ती निव्वळ हूल असते. सॉरॉनची नजर अंगठी नष्ट करायला निघालेल्या दोन हॉबिटांवरून हटावी यासाठी दिलेली. कोणी अंगठी नष्ट करायला निघेल, ही शक्यताच सॉरॉनच्या डोक्यात येत नाही, आणि हेच या युद्धातील सर्वांत मोठे डावपेच आहेत. शत्रूला काय दिसते, काय दिसत नाही आणि त्यावरून तो काय समजतो, यावर उभारलेला खेळ अशक्य मुळीच नव्हता. मेलबर्न हाउसने १९८८ मध्ये काढलेल्या आणि माइक सिंगलटन यांनी रचलेल्या 'वॉर इन मिडल अर्थ' या गेममध्ये एका बाजूला राज्यांच्या फौजा हलवायच्या आणि दुसऱ्या बाजूला मूठभर प्रवाशांच्या हातून अंगठी नष्ट करण्यासाठी माउंट डूम या ज्वालामुखीपर्यंत पोहोचवायची, अशी दुहेरी कसरत होती. चित्रे साधी आणि आजच्या डोळ्यांना कंटाळवाणी वाटतील अशी, पण कथेचा गाभा त्या जुन्या गेमला अधिक समजला होता.

नकाशावर आळीपाळीने सैन्य हलवण्याचा 'वॉर ऑफ द रिंग' हा प्रकारही इथे आहे. मिडल-अर्थचे प्रदेश ताब्यात घ्यायचे, दोन फौजा समोरासमोर आल्या की लढाई स्वतः खेळायची किंवा निकाल संगणकावर सोडायचा. कल्पना मोठी, अंमलबजावणी तुटपुंजी. मुत्सद्देगिरीला वाव नाही आणि थोड्या वेळाने सगळे प्रदेश सारखेच वाटू लागतात.

संगीतात हॉवर्ड शोर यांच्या चित्रपटातील धून ओळखू येतात. चित्रे आता जुनी झाली असली, तरी रिव्हेंडेलच्या धबधब्यांकडे आणि ग्रे हेवन्सच्या गलबतांकडे पाहताना वय फारसे आड येत नाही. समुद्रावरील लढाया या भागात नव्याने आल्या, पण त्या नसत्या तरी फारसे बिघडले नसते.

त्याच वर्षी निघालेल्या 'द राइज ऑफ द विच-किंग' या पुरवणी भागाने विच-किंगच्या अंगमार राज्याचा सातवा पक्ष आणि माणसांच्या आर्नोर या उत्तरेकडील राज्याच्या विनाशाची मोहीम आणली. टॉल्किन यांनी हा इतिहास परिशिष्टात थोडक्यात उरकला आहे, त्यामुळे इथे गेमच्या लेखकांना मोकळीक मिळाली आणि ती त्यांनी संयमाने वापरली. हरणाऱ्या राज्याचा शेवट खेळाडूने शत्रूच्या बाजूने घडवायचा, त्याचे फॉर्नोस्ट शहर पाडायचे, ही कल्पना मूळ गेमच्या दोन्ही मोहिमांपेक्षा मला सरस वाटते.

गेम मिळवणे हीच आज खरी अडचण आहे. ईएकडील हक्कांची मुदत संपल्याने तो डिजिटल दुकानांत विकला जात नाही आणि अधिकृत सर्व्हर २०११ पासून बंद आहेत. जुन्या डिस्क हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत विक्रेत्याच्या मर्जीवर असते. डिस्क मिळाली, तरी आजच्या विंडोजवर गेम सुरू होताच बंद पडण्याची शक्यता मोठी आहे, कारण 'ऑप्शन्स' नावाची सेटिंग्जची फाइल तो स्वतः तयार करू शकत नाही. ती हाताने बनवून योग्य फोल्डरमध्ये ठेवली की प्रश्न सुटतो. ज्यांना एवढी खटपट मान्य आहे, त्यांनी पुरवणी भागही मिळवावा, कारण चाहत्यांनी केलेले 'एडाइन' आणि 'एज ऑफ द रिंग' हे दोन मोठे मॉड, म्हणजे मूळ गेममधले फेरबदल, त्याच्यावरच चालतात. 'एडाइन' हे जर्मन चाहत्यांचे काम असून त्यांनी पहिल्या भागातील ठरावीक चौथरे आणि किल्ले परत आणले, त्यामुळे भिंतींना पुन्हा किंमत आली. कादंबरीवर प्रेम असलेल्याने आधी मूळ गेममधील उत्तरेची मोहीम मध्यम काठिण्यावर पूर्ण करावी, स्वतंत्र लढायांत अंगठीचा पर्याय बंद ठेवावा आणि मग थेट 'एडाइन'कडे जावे.