तीन पट्ट्यांचा हार्नेस: दत्तक गावठी कुत्र्यासाठी घ्यावा का?

घ्यावा. पण हा हार्नेस, म्हणजे गळ्याभोवती आणि छातीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, आणल्या दिवशीच अंगात चढवू नये.

गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक. घाबरलं की ते पुढे ओढत नाही, मागे सरकतं. मान खाली घालून एक हिसका दिला की साधा गळपट्टा किंवा दोन पट्ट्यांचा हार्नेस डोक्यावरून निघतो आणि हातात नुसती दोरी उरते. या हार्नेसचा तिसरा पट्टा बरगड्या संपतात तिथे बसतो. तिथला घेर छातीपेक्षा कमी, त्यामुळे मागून निसटणं फार अवघड होतं. पैसे याच पट्ट्याचे.

पाकिटावर लिहिलेल्या किलोवर जाऊ नका. पुढच्या पायांमागे चार बोटं सोडून छातीचा घेर मोजा. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत.

खोट आहे ती घालण्याच्या पद्धतीत. गळ्याचा फेरा डोक्यावरून घालावा लागतो. कानाला खाच असलेलं कुत्रं नसबंदीसाठी एकदा तरी पकडून नेलेलं असतं. डोक्यावरून काही येताना दिसलं की ते कोपऱ्यात जाणारच. म्हणून पहिले दोन दिवस हार्नेस जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता पडू द्या. तिसऱ्या दिवशी जमिनीवर कुत्र्याकडे बाजू करून बसा, फेरा हातात धरा आणि पलीकडून बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा दाखवा. डोकं त्याचं त्यानं घालायचं. तुम्ही फेरा पुढे सरकवलात की दोन दिवसांची मेहनत पाण्यात. ओठ चाटले, जांभई दिली, डोळ्यांचं पांढरं दिसलं तर तिथेच थांबा.

बकलचा ‘टक’ आवाजही मोठा आहे. आधी दूरवरून, मुठीत दाबून वाजवा. दर टकेला एक तुकडा. अंगावर बकल लागायला पाच-सहा दिवस जातात, भित्र्या कुत्र्याला दोन आठवडेही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तोवर शी-शूसाठी मार्टिंगेल पट्टा (ओढल्यावर थोडाच आवळणारा, म्हणून डोक्यावरून सहज न निघणारा गळपट्टा) वापरावा.

बाहेर नेताना दोन दोऱ्या: एक हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला, दुसरी गळपट्ट्याला. पहाटे साडेपाचला कॉलनीतली एक गल्ली पुरे. गोदाघाटाची गर्दी पुढे कधीतरी. रंगपंचमीला नाशिक ढोल घुमत असताना मात्र तीन पट्टेच काय, तीस असले तरी दाराबाहेर काढू नका.

कड्या धातूच्या, जोड वेल्डिंगचा, टाके दुहेरी. अस्तराचा स्पंज मात्र पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि ओला राहिला की काखेत पुरळ उठतं. पाचपैकी एक गुण त्याचा कापला. घरात असताना हार्नेस काढून उंचावर टांगा. नायलॉनचा पट्टा कुरतडायला या मंडळींना एक दुपार पुरते.