बुटांना तेल सांगितलं आणि रंग फासला

माझे चामडी बूट दहा वर्षांचे. घोट्याच्या वर येणारे, तपकिरी, जाड चामड्याचे, आणि शिवण फिकट पिवळ्या धाग्याची. पहिल्या पगारातून घेतलेले, त्यामुळे जीव जरा जास्तच. मागचं वर्षभर कामाच्या गडबडीत त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. चामडं कोरडं पडलं, पंज्याच्या घडीवर बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या. म्हणून बूट घरून नेऊन, साफ करून परत आणून देणाऱ्या एका सेवेकडे दिले. हाताने सफाई, नैसर्गिक तेल आणि मेणाचं कंडिशनिंग, चामड्याला आतून पोषण, असं सगळं त्यांनी सांगितलं होतं. घेतलेले पैसे नव्या जोडाच्या निम्म्याच्या जवळपास होते. मला नवा जोड नकोच होता, हाच टिकवायचा होता, म्हणून दिले.

आठवड्याने बूट परत आले तेव्हा मी हरखून गेले. काचेसारखी चमक, एक सुरकुती दिसेना. लगेच फोटो काढून भावाला पाठवले. दोन गोष्टी मात्र तेव्हाच खटकायला हव्या होत्या. एक म्हणजे वास. तेल-मेणाचा वास मंद असतो. हा नाकात जाणारा, थिनरसारखा होता. दुसरी म्हणजे शिवण. पिवळा धागा आता बुटाइतकाच तपकिरी झाला होता. मला वाटलं, तेल पिऊन गडद झाला असेल. पण तेलाने धागा थोडा काळवंडतो, चामड्याच्या अगदी त्याच रंगाचा होत नाही. धाग्यावरूनही ब्रश फिरला होता.

तीन आठवड्यांत पंज्याच्या घडीवर टवके उडायला लागले. नखाएवढा पापुद्रा सुटायचा आणि खाली फिकट, भुकटी पडल्यासारखं चामडं दिसायचं. मी फोन केला. तिकडून उत्तर आलं, "ताई, जुनं चामडं आहे, असं होणारच. आता रिस्टोरेशनचं पॅकेज घ्या." म्हणजे बूट त्यांनीच बिघडवायचा आणि दुरुस्तीचे पैसेही त्यांनीच घ्यायचे.

तिथे पुन्हा न जाता मी बूट एका जुन्या कारागीर काकांना दाखवले. त्यांनी कापसाच्या बोळ्यावर थोडं अ‍ॅसिटोन घेतलं आणि टाचेजवळ, न दिसणाऱ्या जागी अलगद फिरवलं. बोळा तपकिरी झाला, आणि त्याला एक चिकट साय लागून आली. "पोरी, हे पॉलिश नाही. आधी थिनरने पुसून चामड्यातलं तेल काढलंय, मग वर रंग मारून लॅकर चढवलंय," ते म्हणाले. (हा प्रयोग घरी करू नका. अ‍ॅसिटोनने मूळ रंगही निघतो.)

यात नुकसान कसं होतं ते नीट सांगते, कारण चमक बघून माणूस इथेच फसतो. चामडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची दाट गुंतवळ. कमावताना त्यात तेल मुरवलेलं असतं, म्हणून पाऊल वाकलं की तंतू एकमेकांवरून सरकतात. थिनरने ते तेल ओढून घेतलं की तंतू कोरडे एकमेकांवर घासतात आणि तुटतात. तुटलेला तंतू कुठल्याही क्रीमने परत सांधत नाही. वर लॅकरचा प्लास्टिकसारखा थर बसला की नंतर लावलेलं कंडिशनर आत पोचतच नाही, वरच्या वर पुसलं जातं. शिवाय जिथे बूट रोज वाकतो, नेमका तिथेच तो थर आधी फुटतो.

कारखान्यातून येणाऱ्या कित्येक बुटांवरही असा रंगाचा आणि राळेचा थर असतो. तो वाईट म्हणून मी हे लिहीत नाही. "नैसर्गिक तेल लावतो" म्हणून पैसे घ्यायचे आणि रंग फासायचा, ही फसवणूक आहे.

त्यांनी "घरी लावायला" म्हणून एक डबीही विकली होती. तिच्यावर घटकांची यादी नाही, नुसतं पानाफुलांचं चित्र. मी त्यातलं थोडं काचेच्या तुकड्यावर पसरून रात्रभर ठेवलं. सकाळी त्याची पारदर्शक, कडक फिल्म झाली होती. कडेला नख लावलं तर अख्खी फिल्म कागदासारखी सुटून आली. मेण काचेवर मऊ राहतं, बोटाला लागतं, ओशट डाग ठेवतं; असं पापुद्र्याने सोलून येत नाही. तुमच्याकडे अशी बिननावाची डबी असेल तर बुटाला लावण्याआधी काचेवर लावून बघा.

पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर फक्त "शू सर्व्हिस, १ जोड" लिहिलेलं, आणि बूट देण्याआधीचे जवळून काढलेले फोटो माझ्याकडे नव्हते. तुम्ही कुणाला बूट देणार असाल तर शिवण, घडी आणि नाड्यांची भोकं यांचे उजेडात फोटो काढून ठेवा. काय लावणार ते पावतीवर नावासकट लिहून घ्या, आणि रंग लावणार का, हे स्पष्ट विचारा. आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लावून दाखवा म्हणा. काचकूच करत असतील तर बूट उचला आणि घरी या.

खरं तर हे काम घरीच करता येतं, हेच मला जास्त लागतं. काकांनी दाखवलं ते इतकंच: नाड्या काढून कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, विशेषतः सोल आणि वरच्या चामड्याच्या सांध्यातली, कारण तिथली वाळू धागा कापते. मग ओलसर फडक्यावर सॅडल सोपचा, म्हणजे चामड्यासाठीच्या खास साबणाचा, थोडा फेस घेऊन पुसायचं. कपड्यांचा साबण नाही. तो चामड्यासाठी फार कडक, आतलं तेल काढून टाकतो. आत कागद कोंबून सावलीत वाळू द्यायचं, हीटरजवळ किंवा उन्हात अजिबात नाही, ओलं चामडं उष्णतेने आक्रसून कडक होतं. पूर्ण वाळल्यावर वाटाण्याएवढं कंडिशनर बोटाने चोळायचं, घडीवर थोडं जास्त, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी ब्रश मारायचा. जास्त लावलं तर चामडं ढिलं पडतं, म्हणून चोपडायचं नाही.

काकांनी दोन दिवस खपून बराचसा थर काढला. उजवा बूट सावरला. डाव्याच्या घडीवर दोन भेगा आरपार गेल्यात, त्यांना आतून चामड्याचं ठिगळ लावलंय. पावसात तो जोड आता घालत नाही. शिवणीवरचा रंग मी बोथट सुईने थोडा थोडा खरवडते आहे. टाचेकडच्या बाजूला पिवळा धागा परत दिसायला लागलाय.