ड्रोनखाली कोणता डिटेक्टर टांगायचा?

जमिनीत मुरलेलं सीझियम-137 (अणुअपघातांतून पसरणारं किरणोत्सारी द्रव्य) हवेतून शोधायचं असेल तर ड्रोनच्या आधी डिटेक्टर, म्हणजे किरण मोजणारं यंत्र, ठरवा. गायगर ट्यूब स्वस्त आणि हलकी, पण नुसती टिकटिक मोजते. किरण कशाचे, ते सांगत नाही. केरळात चवरा इथल्या काळ्या वाळूवर ती जोरात वाजेल, आणि कारण असेल मोनाझाइटमधलं नैसर्गिक थोरियम. ती बाद.

बाकीचे डिटेक्टर किरणांची ऊर्जाही मोजतात, त्यावरून ते कशाचे ते कळतं. त्यांतला सोडियम आयोडाइडचा 3 इंची स्फटिकच सव्वा किलोचा, आवरणासकट दोन किलोंच्या पुढे. बॅटरी भराभर उतरते. उलट सीझेडटीचा (कॅडमियम झिंक टेल्युराइड या अर्धवाहकाचा) 1 घनसेंटिमीटर तुकडा जेमतेम 6 ग्रॅमचा. ऊर्जेच्या आलेखात सीझियमचं शिखर 662 केईव्हीवर (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) येतं; त्याची रुंदी सोडियम आयोडाइडमध्ये 7 टक्क्यांच्या आसपास, सीझेडटीत 2 टक्क्यांच्या. शिखर जितकं अरुंद तितकी ओळख नेमकी, म्हणून माहितीपत्रक वाचणारा इथेच फसतो. सेकंदाला 10 काउंट (टिपलेले किरण) मिळाले तर त्यात 32 टक्के अनिश्चितता, 100 मिळाले तर 10 टक्के. काउंटच नसतील तर त्या सुबक शिखराचं करायचं काय? पुसट प्रदूषणाला मोठा स्फटिकच हवा. चेर्नोबिलच्या लाल जंगलातल्यासारख्या तीव्र किरणोत्साराच्या जागी मात्र मोठ्या स्फटिकात किरणांचे विद्युत स्पंद एकमेकांवर चढतात, काउंट खोटे कमी दिसतात, तिथे सीझेडटी.

फुकुशिमात जपानी संशोधकांनी भातशेतीच्या फवारणीसाठी बनलेल्या यामाहाच्या मानवरहित हेलिकॉप्टरवर लँथॅनम ब्रोमाइड या स्फटिकाचा डिटेक्टर लावला. वेगवान आणि नेमका, पण महाग. शिवाय त्यातलं लँथॅनम स्वतःच किंचित किरणोत्सारी.

बहुतेक छोट्या गटांनी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (स्फटिकातली प्रकाशाची चमक टिपणारी चिप) जोडलेलं सीझियम आयोडाइड घ्यावं. ओल आणि धक्के ते बऱ्यापैकी सोसतं. खोड एकच: उन्हात तापलं की शिखर डावीकडे, म्हणजे कमी ऊर्जेकडे, सरकतं. तापमान भरपाई असलेलंच घ्या आणि प्रत्येक उड्डाणाआधी व नंतर मातीत निसर्गतः असणाऱ्या पोटॅशियम-40 चं 1461 केईव्ही शिखर जागेवर आहे का, बघा.

डिटेक्टर कोणताही असो, खरा घोळ उंचीत होतो. ड्रोनचा वायुभारमापक उड्डाणाच्या जागेपासूनची उंची सांगतो. वाटेत जमीन 5 मीटर चढली, तर पडद्यावर 10 मीटर दिसत असताना प्रत्यक्षात 5 उरतात आणि ठिपक्याएवढा हॉटस्पॉट चौपट तीव्र वाटतो. खालच्या बाजूला लेझर उंचीमापक बसवाच. पुसट जागी 10 मीटर उंची, सेकंदाला 2 मीटर वेग आणि पट्ट्यांत 10 मीटर अंतर, इथून सुरुवात करा. त्याआधी एकाच जागी 5, 10, 15 आणि 20 मीटरवर ड्रोन स्थिर ठेवून काउंट घ्या, खाली 1 मीटरवर हातातल्या मापकाने मोजा. हवेतल्या काउंटचं जमिनीजवळच्या मापात रूपांतर यावरूनच होतं.

उतरायला स्वच्छ जागी ताडपत्री अंथरा, नाहीतर पंख्यांनी उडालेली धूळ डिटेक्टरला चिकटते आणि पुढची सगळी उड्डाणं नासतात.