जुन्या जीपमध्ये जादा वायरिंग: ब्लू सी ५०२५ फ्यूज बॉक्स आणि चावीवर चालणारा रिले

महिंद्राची एमएम ५४० असो की सीजे ३बी, या गाड्यांचं मूळ वायरिंग झालं तेव्हा त्यावर हेडलाइट, हॉर्न, वायपर आणि डॅशवरचे मोजके गेज एवढाच संसार होता. आज त्याच तारांवर मोबाइल चार्जर, डॅशकॅम, एलईडी दिवे आणि मागे ठेवलेला छोटा फ्रिज चढतो. हे सगळं चावीबरोबर चालू आणि चावीबरोबर बंद व्हायला हवं असतं. त्यासाठी बऱ्याच ठिकाणी इग्निशन स्विचमागची हाताला लागेल ती वायर सोलतात, तिला पीळ मारतात आणि वर काळी टेप गुंडाळतात. एका चार्जरपुरतं ते निभावतं. पण दिवे आणि फ्रिज जोडले की स्विचचे झिजलेले कॉन्टॅक्ट तापायला लागतात, आणि त्या वायरला फ्यूज नसेल तर आधी डॅशमागचं इन्सुलेशन वितळतं.

यावर चांगला उपाय म्हणून ब्लू सी सिस्टिम्स या अमेरिकी कंपनीचा ५०२५ फ्यूज बॉक्स आणि त्याच्या आधी ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अशी जोडी इथे तपासली आहे. सूत्र साधं आहे: चावीच्या वायरकडून वीज घ्यायची नाही, फक्त निरोप घ्यायचा. वीज थेट बॅटरीवरून येते. रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ८५ ओहम धरला, तर १२.८ व्होल्टला ती जेमतेम ०.१५ अँपिअर ओढते. एवढा भार चाळीस वर्षं जुना इग्निशन स्विचही निमूटपणे उचलतो.

आधी बॉक्सबद्दल. ५०२५ मध्ये सहा सर्किट आहेत. प्रत्येकावर ३० अँपिअरपर्यंत आणि सगळ्या बॉक्सवर मिळून १०० अँपिअरपर्यंत भार चालतो. फ्यूज नेहमीचे ब्लेडचे, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारे. कंपनी मुळात बोटींचं वीजसाहित्य बनवते, त्यामुळे आतल्या पट्ट्या आणि फ्यूजच्या पकडी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या आहेत. कोकणातल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, तिथे या मुलाम्याचं मोल कळतं. वायर खाली दाबून खोचायची नसते, तिच्या टोकाला लग (भोक असलेलं धातूचं टोक) क्रिंप करून, म्हणजे पकडीनं दाबून, स्क्रूखाली आवळायची असते. खडकाळ वाटेवर जीप जशी थरथरते, तिथे हीच पकड टिकते.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे त्याच बॉक्समध्ये असलेली निगेटिव्हची पट्टी. जुन्या जीपमधले निम्मे बिघाड अर्थिंगचे असतात. गंजलेल्या पत्र्यात स्क्रू पिळून दिलेलं अर्थिंग एका पावसाळ्यात कुरकुरायला लागतं. इथे प्रत्येक उपकरणाची निगेटिव्ह वायर बॉक्सपर्यंत परत येते आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हला जाते.

उणिवा दोन. पहिली, पॉझिटिव्हची पट्टी एकच आहे, त्यामुळे सहाही सर्किट एकतर चावीवर किंवा सहाही कायम चालू. टेपची मेमरी किंवा हॅझर्डसारखं काही कायम वीज मागणारं असेल, तर त्याला बॅटरीवरून वेगळी फ्यूज असलेली वायर द्यावी लागते. दुसरी, स्क्रूचे आटे इंची मापाचे आहेत. सर्किटचे स्क्रू ८-३२ चे. एखादा बोनेटखाली पडून हरवला तर आपल्याकडचा ४ एमएमचा स्क्रू त्यात बसल्यासारखा वाटतो, पण दोन आट्यांनंतर धागा खातो. जोर लावू नका, योग्य मापाचाच शोधा. लग मात्र ४ आणि ५ एमएमच्या भोकाचे नीट चालतात. बॉक्सबरोबर फ्यूज येत नाहीत, ते वेगळे घ्यायचे.

आता निरोप देणारी वायर शोधण्याचं काम. खरी मेहनत इथेच आहे. रंगावर विसंबू नका. ब्रिटिश गाड्यांत तपकिरी म्हणजे कायम बॅटरीवरची, पांढरी म्हणजे चावीवरची बिनफ्यूजची आणि हिरवी म्हणजे चावीवरची फ्यूजनंतरची, हा नियम चांगला आहे. पण आपल्याकडच्या जीपचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, इतक्या हातांतून गेलेलं असतं की लाल वायर टेपखाली जाते आणि पुढे पिवळी होऊन बाहेर येते.

लागणारी साधनं दोन: मल्टिमीटर आणि २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब, दोन वायर आणि एक चिमटा लावलेला. मीटरचा काळा टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, बॉडीला नको. लाल टोक स्विचमागच्या एकेका टर्मिनलला लावून चावीच्या प्रत्येक खटक्याला आकडा कागदावर लिहा: बंद, पहिला खटका, ऑन आणि सेल्फ मारताना. सेल्फ मारताना दुसरा माणूस लागतो. गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

चावी बंद असतानाही १२ व्होल्ट दाखवणारं टर्मिनल बॅटरीचं, ते सोडून द्या. फक्त सेल्फ मारताना जिवंत होणारं सेल्फचं, त्याला हात लावू नका. ऑनला जिवंत आणि सेल्फ मारतानाही जिवंत राहणारं इग्निशनचं. ऑनला जिवंत पण सेल्फ मारताना मरणारं अ‍ॅक्सेसरीचं, आणि निरोपासाठी हेच सगळ्यांत चांगलं. सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब ९-१० व्होल्टपर्यंत घसरतो. त्या क्षणी रिले सुटलेला असला की चार्जर आणि कॅमेऱ्याला तो झटका बसत नाही.

मग बल्ब. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे दहातल्या नऊ तारा तुटून एकच धागा उरलेली वायरही मीटरवर १२.४ दाखवते. त्याच टर्मिनलला २१ वॉटचा बल्ब लावा, म्हणजे पावणेदोन अँपिअरचा भार येईल. बल्ब पिवळट, मंद पेटला आणि मीटर ९ वर आला, तर वायर किंवा स्विच आतून गेला आहे. रिले अशा वायरवर एखाद्या दिवशी ओढेल, एखाद्या दिवशी नुसता टकटक करेल.

काही जागा सोप्या दिसतात पण टाळायच्या. पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलचा पॉझिटिव्ह समोरच असतो. पण आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा दाब कमी करणारा रोध) असेल तर इंजिन चालू असताना तिथे पूर्ण दाब नसतो, शिवाय तिथला सैल जोड म्हणजे गाडी भर घाटात बंद. फ्यूएल गेजची वायरही नको. गेजमागे जुन्या पद्धतीचा स्टॅबिलायझर (गेजचा दाब स्थिर ठेवणारा भाग) असेल तर त्याच्या पुढची वीज तुटक येते, मीटरवरचा आकडा सारखा नाचताना दिसतो. डिझेलमध्ये ग्लो प्लगची (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगची) वायर तर अजिबात नको. वायपर किंवा हीटर फॅनची वायर, तिला स्वतःचा फ्यूज असेल तर, उत्तम.

डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. ज्या जुन्या जीपमध्ये इंजिन बंद करायला नॉब ओढावा लागतो, तिथे चावी आणि इंजिन यांचा फारसा संबंध नसतो. नॉब ओढून इंजिन बंद होतं, माणूस उतरून जातो, चावी ऑनच राहते आणि फ्रिज रात्रभर बॅटरी पितो. अशा गाडीत फ्रिजसाठी साध्या रिलेऐवजी व्होल्टेज पाहून चालणारा रिले घ्यावा. साधारण १३.३ व्होल्टला तो जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करत असेल तेव्हाच वीज मिळते. चार्जिंगच्या दिव्याच्या वायरवरून साधा रिले ओढवण्याची युक्ती सांगितली जाते. पण अल्टरनेटरला जागं करणारा करंट त्या छोट्या दिव्यातूनच येतो. त्यात कॉइलनं वाटा मागितला की अल्टरनेटर जास्त आरपीएमशिवाय उठत नाही.

डॅशवर अँपिअर मीटर असेल तर तेही ध्यानात घ्या. जुन्या मांडणीत अल्टरनेटरचा करंट या मीटरमधून बॅटरीला जातो. नवा बॉक्स थेट बॅटरीवर असल्यामुळे २० अँपिअरचे दिवे लावले की काटा चार्जकडे २० दाखवतो. बॅटरी भरते आहे असं वाटतं, पण तो करंट दिव्यांत जात असतो, आणि तोही डॅशमागच्या जुन्या तारेतून. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र फ्यूज असलेली १० चौरस एमएमची वायर टाकून अँपिअर मीटरच्या जागी व्होल्ट मीटर बसवणं हा योग्य मार्ग.

जोडणी अशी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत ४० अँपिअरचा मोठा फ्यूज. तिथून ६ चौरस एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ नंबरवरून तीच वायर बॉक्सच्या खुंटीला. दोन मीटर लांबीला ३० अँपिअरवर या वायरमध्ये साधारण ०.२ व्होल्ट पडतात, ते चालतं. निरोपाची वायर ०.७५ चौरस एमएमची, मधे २ अँपिअरचा फ्यूज, ती कॉइलच्या ८६ नंबरच्या पिनेला. कॉइलची दुसरी पिन ८५, ती निगेटिव्हला. रिलेत डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) असेल तर ८६ आणि ८५ ची अदलाबदल चालत नाही, डायोड शॉर्ट होऊन २ अँपिअरचा फ्यूज लगेच उडतो. पाच पिनांचा रिले मिळाला तर ८७ए ला टोपी घाला, कारण रिले बंद असताना तिथे बॅटरी जिवंत असते. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. सेल्फचा सॉलेनॉइड रिले म्हणून वापरू नका, तो काही सेकंदांच्या कामासाठी असतो आणि तासाभरात भाजतो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाणाऱ्या प्रत्येक वायरला रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रिंग, हवीच.

४० अँपिअरच्या रिलेवर सलग २८-३० पेक्षा जास्त भार ठेवू नये, बोनेटखालची उष्णता उरलेलं खाते. टायरचा कंप्रेसर आणि विंच या बॉक्सवर नकोतच, त्यांची जागा थेट बॅटरीवर, आपापल्या फ्यूजसह. बाकी सर्किटना १० अँपिअरपर्यंत १.५ आणि त्यापुढे २० पर्यंत २.५ चौरस एमएम पुरते.

पर्यायांबद्दल थोडक्यात. फ्यूजच्या खाचेत खोचायचा फ्यूज टॅप ब्लेड फ्यूज असलेल्या गाडीत १० अँपिअरच्या आतल्या कामाला ठीक. तो उलटा खोचला तर दोन्ही भार जुन्या फ्यूजमधूनच जातात, म्हणून मीटरनं जिवंत बाजू पाहूनच बसवा. काचेच्या फ्यूजच्या जीपमध्ये तो बसतच नाही. वायर न कापता चावून जोड देणारे निळे-लाल क्लिप मात्र या गाड्यांत वापरूच नयेत. पातं निम्मे धागे कापतं आणि उघड्या तांब्यात ओल शिरते.

५०२५ परदेशी माल म्हणून महाग पडतो. दोनच उपकरणं लावायची असतील तर त्याची गरज नाही. झाकण असलेला चार वाटांचा साधा बॉक्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत शोधा, फक्त फ्यूज खोचून पकड घट्ट आहे ना ते दुकानातच पाहा. तीन-चारपेक्षा जास्त सर्किट असतील आणि गाडी पावसात, चिखलात जाणार असेल, तर ५०२५ चे पैसे सार्थ आहेत. पाचपैकी साडेचार. एकाच पट्टीमुळे अर्धा गुण गेला.

काम झाल्यावर सगळी उपकरणं चालू करून अर्धा तास गाडी चालवा आणि रिलेचा सॉकेट, मोठा फ्यूज, लगांच्या माना हातानं चाचपून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर तो लग कापून पुन्हा क्रिंप करा.