धक्क्यावरची वीज आणि होडीचे झिंक : आयसोलेटर की ट्रान्सफॉर्मर?

ट्रामच्या रुळांतून परतणारा डीसी प्रवाह जमिनीत झिरपून जवळच्या नळात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे नळ कुरतडतो. गोव्याच्या मांडवी नदीत ट्राम नाही. परंतु बेतीच्या धक्क्यावरून वीज घेणाऱ्या लोखंडी होड्यांची गत फारशी वेगळी नाही. अर्थिंगच्या तारेने साऱ्या होड्या एकमेकींना जोडल्या जातात, खारे पाणी मंडल पूर्ण करते आणि आपले झिंक, म्हणजे होडीचे लोखंड वाचावे म्हणून स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे, शेजाऱ्याच्या होडीची राखण करत झिजते. अर्थिंगच कापून टाकण्याचा उपाय काही जण करतात, पण तो जिवावर बेतणारा आहे.

मी आधी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला. तो स्वस्त असतो, अर्थिंगच्या तारेत सहज बसतो आणि त्यातील डायोड (ठरावीक दाबाखाली प्रवाह अडवणारे भाग) सुमारे 1.2 व्होल्टपर्यंतचा डीसी अडवतात. झिंकचे जस्त आणि होडीच्या पंख्यासारख्या भागांतले कांस्य यांच्यातील व्होल्टचा फरक त्याहून कमी असल्याने एरवी तेवढे पुरते. माझी तक्रार एकच, आणि तिनेच निकाल लावला : तो बिघडला तरी कळत नाही. डायोड शॉर्ट झाला की दिवे लागतात, फ्रिज चालतो, अर्थिंगही शाबूत राहते. फक्त अडवण्याचे काम थांबते. म्हणून दर पंधरवड्याला वीज तोडून, इंजिनाच्या खोलीत घामाघूम होऊन मल्टिमीटर लावावा लागे, आणि ज्या हंगामात मी आळस केला त्याच हंगामात होडी सुक्यावर ओढली तेव्हा झिंकच्या जागी नुसते बोल्ट उरले होते.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर धक्क्याची वीज तारेने न जोडता चुंबकीय क्षेत्रातून होडीला देतो. तो महाग आहे, उचलायला दोन माणसे लागतात, रात्री त्याची घरघर ऐकू येते आणि त्याला हवेशीर जागा द्यावी लागते. मात्र नीट जोडला, तर धक्क्याचे अर्थिंग आणि होडीचा सांगाडा यांच्यात तारेचा दुवाच उरत नाही, त्यामुळे पंधरवड्याची ती तपासणी टळते. होडी क्वचितच धक्क्याला जोडत असाल, तर आयसोलेटर पुरेल असे मला वाटते. रोज रात्री जोडत असाल, तर मी ट्रान्सफॉर्मरकडेच बोट दाखवीन.

होडीतल्याच बिल्ज पंपाची (तळाशी साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची) सोललेली तार पाण्यात लोंबत असेल, तर मात्र दोन्ही निरुपयोगी. एक अँपिअर डीसी सतत वाहिला तर वर्षात सुमारे 9 किलो लोखंड खातो.

ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर यंदा होडी ओढली तेव्हा झिंकवर कोरलेले वजनाचे आकडे अजून वाचता येत होते. शेजारची मोठी बोट मधल्या काळात दुसरीकडे गेली, हेही थोडे कारण असू शकेल.